सुरुवातीच्या मंडळीची परंपरा: तिचा अधिकार किती?

(चौघांमधली लेखी चर्चा. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे: तळटीप, जुनी वही, बिरुयाकर, पूर्वाभिमुख.)

तळटीप

ख्रिस्ती विश्वासावर कुठेही वाद निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. पॉलिकार्प, इग्नाती, इरेनियस हे दुसऱ्या शतकातले मंडळीचे वडील प्रेषितांच्या इतके जवळचे होते, की त्यांचा शब्द आपण आज बायबल उघडून लावलेल्या अर्थापेक्षा वरचढच मानायला हवा. ऐकताना पटतं. पण या वडिलांचे लेख जसजसे वाचत गेलो तसतसं माझं मत उलट होत गेलं. जवळ असणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं.

इ. स. १५५ च्या सुमाराचा प्रसंग घ्या. स्मुर्णाचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथल्या बिशप अनिसेतसला भेटला. मतभेद पुनरुत्थानाच्या सणावरून होता. आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या तो यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळत, वार कुठलाही असो. रोमची मंडळी रविवार सोडायला तयार नव्हती. पॉलिकार्पचं म्हणणं, मी योहानाबरोबर आणि इतर प्रेषितांबरोबर हे पाळत आलोय. अनिसेतसचं म्हणणं, माझ्या आधीच्या वडीलजनांची रीत मी मोडणार नाही. कुणीच कुणाचं मन वळवू शकलं नाही. प्रेषितांना जाऊन जेमतेम दोन पिढ्या झालेल्या, माणसं दोन्ही सचोटीची, आणि तरीही परंपरा दोन! पुढे १९० च्या सुमारास रोमचा बिशप विक्टर याने याच कारणावरून आशियातल्या मंडळ्यांना संगतीबाहेर काढायला घेतलं.

दुसरं उदाहरण खुद्द इरेनियसचं. १८० च्या आसपास पाखंडी मतांविरुद्ध लिहिताना तो सांगतो, की येशूने शिकवलं तेव्हा तो चाळिशी ओलांडून उतारवयाकडे झुकलेला होता. आधार कुणाचा देतो? योहानाच्या सहवासात राहिलेल्या आशियातल्या वडीलजनांचा, ज्यांना हे योहानाने सांगितलं म्हणे. लूक तर सांगतो की कार्याला आरंभ केला तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता. आज कुठलीच ख्रिस्तसभा इरेनियसचा हा दावा मानत नाही. म्हणजे योहान, त्याचे शिष्य, इरेनियस इतकी आखूड साखळी, आणि तीही इथे तुटली.

म्हणून माझं म्हणणं: परंपरेला साक्षीदार म्हणून जरूर बोलवावं, तिचं नीट ऐकावं, उलटतपासणीही घ्यावी. निकाल मात्र शास्त्राचा.

जुनी वही

उदाहरणं खरी आहेत, पण ती अर्धीच सांगितली गेली आहेत. पॉलिकार्प आणि अनिसेतस भांडून वेगळे झाले नाहीत. अनिसेतसने आपल्याच मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघे शांतीने एकमेकांचा निरोप घेऊन गेले. विक्टरने घाई केली तेव्हा त्याला याच भेटीची आठवण देऊन थांबवणारा कोण? इरेनियस. विश्वासाचा गाभा कोणता आणि रीत कोणती, हा फरक त्या लोकांना चांगला कळत होता. शिवाय हा तिढा शास्त्राने तरी कुठे सोडवला? वधस्तंभाचा दिवस योहानाच्या शुभवर्तमानात आणि बाकीच्या तिघांत वेगळा दिसतो. अखेर ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने रविवार ठरवला.

इरेनियसच्या वयाच्या दाव्याबद्दलही तेच. तो फक्त वडीलजनांवर विसंबत नाही. योहान ८:५७ मधलं ‘तुला अजून पन्नास वर्षे झाली नाहीत’ हे यहुद्यांचं बोलणंही तो पुरावा म्हणून देतो. तेव्हा ही चूक परंपरेच्या खात्यावर टाकायची तर निम्मी शास्त्र वाचणाऱ्याच्या खात्यावर टाका.

आता मूळ मुद्दा. निकाल शास्त्राचा म्हणता, पण शास्त्र कोणतं हे कुणी सांगितलं? नव्या करारात सत्तावीस पुस्तकं आहेत हे नव्या करारात लिहिलेलं नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी मंडळीचा इतिहासकार युसेबियस याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं आणि योहानाचं दुसरं-तिसरं ही पत्रं वादग्रस्त म्हणून नोंदवतो. त्याच शतकातल्या बायबलच्या सिनाय हस्तलिखितात आज नव्या करारात नसलेलं बर्णबाचं पत्र आहे, ‘हेर्मासचा मेंढपाळ’ आहे. नेमकी आपली सत्तावीस, एकही कमी-जास्त नाही, अशी यादी आपल्याला पहिल्यांदा मिळते ती अलेक्झांद्रियाचा बिशप अथानेशियस याच्या ३६७ च्या पत्रात. ज्या मंडळीने पुस्तकं ओळखली ती इतर बाबतीत बेभरवशाची, आणि याच एका बाबतीत बिनचूक? हे कसं काय जुळवायचं?

आणि पौल स्वतः थेस्सलनीकाकरांना सांगतो (दुसरं पत्र, २:१५) की तोंडी असो वा पत्राने, जे शिकवलं ते धरून राहा. त्याने दोन्ही एका पंगतीत बसवली आहेत.

बिरुयाकर

मला एवढी चर्चाच अनावश्यक वाटते. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना काय म्हणतो? देवाची आज्ञा बाजूला सारून तुम्ही माणसांचे संप्रदाय पाळता. प्रेषितांची कृत्ये १७ मधले बिरुया गावचे लोक तर पौलाचं बोलणंसुद्धा दररोज शास्त्रात पडताळून पाहत होते आणि त्यांची स्तुती झाली. बायबल आणि पवित्र आत्मा पुरे आहेत. दुसऱ्या शतकातले लेख वाचायची गरजच काय?

पूर्वाभिमुख

बिरुयाकर, एरियसकडेही बायबल होतं. चौथ्या शतकातला हा धर्मगुरू नीतिसूत्रे ८:२२ वर बोट ठेवून म्हणत होता की पुत्र हा उत्पन्न केलेला आहे. तो शास्त्र नाकारत नव्हता, भरभरून उद्धृत करत होता. नायसियात जमलेल्या बिशपांनी शास्त्राच्या शब्दांतच उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तर एरियसच्या बाजूचे त्या प्रत्येक शब्दाला आपला अर्थ लावून मान डोलवत, असं अथानेशियस लिहितो. शेवटी पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असं म्हणावं लागलं, आणि हा शब्द बायबलमध्ये नाही. पण मंडळी ज्या त्रिएक नावाने बाप्तिस्मा देत होती, ज्या ख्रिस्ताची आराधना करत होती, त्या जगत्या उपासनेशी हाच अर्थ जुळत होता. परंपरा म्हणजे हे. कानगोष्टींची जास्तीची यादी नव्हे.

कैसरियाचा बिशप बेसिल याने ३७५ च्या सुमारास पवित्र आत्म्यावर लिहिताना विचारलं होतं, की क्रुसाची खूण करा, पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करा, हे कुठल्या लेखात आहे? तरी सगळे करतात. न लिहिलेलं सगळं काढून टाकाल तर शुभवर्तमानाचंच अंग छाटाल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि मला ते मनापासून पटतं.

आणि ‘निकाल शास्त्राचा’ हे प्रत्यक्षात कसं चालतं तेही पाहा. १५२९ मध्ये मार्बुर्गला प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघेही केवळ शास्त्र मानणारे, विद्वान, मूळ भाषा जाणणारे. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं, पंधराव्यात प्रभुभोजन आलं आणि ख्रिस्त भाकरीत देहाने उपस्थित आहे का यावर सगळं अडलं. ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे वाक्य टेबलावर खडूने लिहून ठेवलं होतं. वाक्य एकच, समोर लिहिलेलं, आणि तरी दोन मंडळ्या झाल्या. शास्त्र बोललं, पण निकाल कुठे लागला?

तळटीप

आधी बिरुयाकर यांना. तुम्ही माझ्या बाजूचे आहात असं दिसतं, पण तुमचं म्हणणं मला मान्य नाही. ल्यूथर आणि कॅल्विन या सुधारकांनी चौथ्या-पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टीनचा आधार पानोपानी घेतला. ज्यांनी छळ सोसून हा विश्वास आपल्यापर्यंत पोचवला त्यांचं वाचायचंच नाही, ही मला कृतघ्नता वाटते. एकट्याने वाचणाऱ्याला आपल्या काळाचे पूर्वग्रह दिसत नाहीत. दुसऱ्या शतकातला माणूस ते दाखवतो.

जुनी वही, पुस्तकांच्या यादीबद्दल. ओळखणं आणि अधिकार देणं यांत फरक आहे. अंत्युखियाच्या सेरापियनची गोष्ट मला इथे फार बोलकी वाटते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ऱ्होसस गावची मंडळी पेत्राच्या नावाचं एक शुभवर्तमान वाचत होती. सेरापियनने आधी न वाचताच परवानगी दिली. मग पुस्तक मिळवून वाचलं, त्यात ख्रिस्ताचं शरीर आभासी मानणाऱ्यांची छाप दिसली, आणि परवानगी मागे घेतली. त्याने काय लिहिलं? पेत्राला आणि इतर प्रेषितांना आम्ही ख्रिस्तासारखंच स्वीकारतो, पण त्यांच्या नावावर खपवलेलं नाकारतो. बिशपच्या स्वीकारामुळे लेख प्रेषितांचा ठरतो असं तो कुठेही म्हणत नाही. लेख प्रेषितांचा असेल तर बिशपला तो स्वीकारावाच लागतो. चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं अथानेशियसच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत अधिकाराने वाचली जात होती. कडेच्या काही पुस्तकांवर वाद राहिला, एवढंच. आणि ओळखण्याच्या या कामात मंडळी बिनचूक असावी लागते असंही नाही. देवाने तिला इथे चुकू दिलं नाही असं मानलं, तरी पुढच्या प्रत्येक धर्मसभेला तीच हमी मिळाली हे त्यातून निघत नाही.

आता थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं २:१५. त्याच अध्यायात, दहा वचनं वर, पौल विचारतो: मी तुमच्याजवळ असताना हे सांगत होतो ते आठवत नाही का? आणि पुढे म्हणतो, अधर्माच्या मनुष्याला (शेवटच्या काळी येणाऱ्या देवाच्या शत्रूला) सध्या काय अडवून धरतंय हे तुम्हांला ठाऊक आहे. ठाऊक आहे, कारण तोंडी सांगितलं होतं! पत्रात त्याने ते लिहिलं नाही. मग मंडळीच्या स्मरणात ते राहिलं का? ऑगस्टीन ‘देवाच्या नगरी’वरच्या आपल्या ग्रंथात या वचनापाशी येतो आणि सरळ कबूल करतो, की पौलाला काय म्हणायचंय हे मला कळत नाही. तोंडी परंपरेचा सर्वांत मोठा आधार म्हणून जो अध्याय दाखवला जातो, त्याच अध्यायात प्रेषिताची एक तोंडी शिकवण हरवलेली आहे. लिहिलेलं उरलं, बोललेलं गेलं.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याचंही ऐका. पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य धरायचा का, यावर २५६ मध्ये त्याचं रोमचा बिशप स्तेफन याच्याशी वाजलं. स्तेफन म्हणे, जे चालत आलंय त्यात नवं काही आणू नका. सिप्रियनने उत्तर दिलं, की सत्य नसलेली रूढी म्हणजे केवळ जुनी झालेली चूक. यात पश्चिमेकडच्या मंडळीने पुढे मत स्तेफनचं उचललं, सिप्रियनचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण तत्त्व त्याने अचूक सांगितलं.

जुनी वही

थेस्सलनीकाचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, पण तो पूर्ण नाही. अडवणारी शक्ती म्हणजे रोमचं साम्राज्य असं लॅटिन लेखक तर्तुल्यनही म्हणतो आणि पुढे चौथ्या शतकातला उपदेशक ख्रिसोस्तमही.

तळटीप

ख्रिसोस्तम तेच सांगताना आधी हेही नोंदवतो की काही जण पवित्र आत्मा म्हणतात, काही साम्राज्य. आणि मग कारणं देऊन एक बाजू घेतो. प्रेषिताकडून आलेलं असतं तर कारणं द्यावी लागली नसती.

जुनी वही

असेल. पण प्रेषितांनी उच्चारलेलं प्रत्येक वाक्य जपलं गेलं असा दावा ख्रिस्तसभेने कधी केलाच नाही. दावा आहे तो विश्वासाच्या ठेवीचा, म्हणजे प्रेषितांनी सोपवलेल्या शिकवणीच्या गाभ्याचा. कॅथोलिकांच्या त्रेंतच्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ ला शास्त्र आणि परंपरा सारख्याच आदराने स्वीकारल्या हे तुम्ही मांडाल, म्हणून दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेचा १९६५ चा दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवजही वाचा. शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो त्या वचनाचा सेवक आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

आणि एक सरळ प्रश्न. लहान मुलांचा बाप्तिस्मा. तर्तुल्यन २०० च्या सुमारास म्हणतो, मुलांना मोठं होऊ द्या, मग द्या. ओरिगेन काही दशकांनी म्हणतो, हे मंडळीला प्रेषितांकडून मिळालं आहे. शास्त्रात थेट आज्ञा नाही, थेट मनाईही नाही. तुमचं शास्त्र इथे कोणता निकाल देतं?

तळटीप

इथे साक्षीदार कामाचा आहे, आणि मी त्याचा मोठ्या आनंदाने उपयोग करतो. तर्तुल्यन विरोध करतो, पण ही नवी प्रथा आहे असं म्हणत नाही. तशी ती असती तर त्याच्यासारख्या माणसाने ते सोडलं नसतं. त्यावरून प्रथा बरीच जुनी असावी असं मी मानतो. पण जे ख्रिस्ती मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत ते प्रेषितांची आज्ञा मोडतात, असं ओरिगेनच्या एका वाक्यावरून मी कुणाच्याही विवेकावर लादणार नाही.

माझं भांडण नेमकं या लादण्याशी आहे. मरीयेला देहासह स्वर्गात नेलं गेलं हे १ नोव्हेंबर १९५० ला रोमन कॅथोलिक ख्रिस्तसभेने श्रद्धेचा बंधनकारक भाग म्हणून जाहीर केलं. चौथ्या शतकात बिशप एपिफेनियस, जो स्वतः पॅलेस्टाइनचा आणि पाखंड शोधण्यात कुणाला न हार जाणारा, लिहितो की तिचा अंत कसा झाला हे कुणालाच ठाऊक नाही. शास्त्र त्याबद्दल गप्प आहे. इथे शास्त्र नाही आणि सुरुवातीच्या शतकांची साक्षही नाही. सेवक धन्याच्या वर नाही हे १९६५ चं वाक्य सुंदर आहे. मग धन्याने न सांगितलेलं मानायला भाग पाडायचा हक्क सेवकाला कुठून मिळाला?

पूर्वाभिमुख

१९५० च्या त्या जाहीरनाम्याबद्दल माझ्याही पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) परंपरेतले लोक तुमच्यासारखाच आक्षेप घेतात. तरी आम्ही मरीयेच्या महानिद्रेचा सण दरवर्षी उपास धरून पाळतो. ते गाणं, ती प्रार्थना आमच्या पूर्वजांनी आमच्या हाती दिली, आणि ती कुणी हुकूम काढला म्हणून नव्हे तर ती ख्रिस्ताकडे नेते म्हणून आम्ही गातो. तुमच्या मांडणीत या गोष्टीला जागा कुठे आहे हे मला अजून दिसलेलं नाही. साक्षीदाराची जबानी घेता येते, उलटतपासणी घेता येते. ज्या मांडीवर बसून प्रार्थना शिकलो तिची उलटतपासणी कशी घ्यायची?

तळटीप

गा. मी थांबवणार नाही, आणि जे गात नाहीत त्यांना तुम्हीही मंडळीबाहेर मानू नका. पॉलिकार्प आणि अनिसेतस यांनी तेवढं केलं होतं.