गुडघा बरा झाला, पण वळताना पाय थबकतो

प्रश्न: चढाईपटू, सांगली

मी २१ वर्षांची असून जिल्हा पातळीवर कबड्डी खेळते. आठ महिन्यांपूर्वी बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) घेऊन मध्यरेषेकडे वळत असताना कोपरारक्षक खेळाडूने माझा घोटा पकडला. पाऊल मॅटवर रुतून राहिले, शरीर मात्र वळले आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आश्चर्य म्हणजे पहिली काही मिनिटे फारसे दुखले नाही, मी उठून चार पावले चाललेसुद्धा. संध्याकाळपर्यंत मात्र गुडघा सुजून ताठ झाला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याची हाडे बांधून ठेवणारा अस्थिबंध) पूर्ण तुटल्याचे दिसले आणि मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी पट्टी) तिच्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया झाली.

आता सूज नाही, मी धावते, जोर-बैठका काढते आणि डॉक्टरही समाधानी आहेत. तरीही सरावात बोनस रेषेजवळ त्याच पायावर भार देऊन वळायची वेळ आली की पाय थबकतो. प्रशिक्षक म्हणतात की मन घट्ट कर, कारण निवड चाचणी महिन्यावर आली आहे. घरी मी विनाकारण चिडते आणि आमच्या संघाचे सामने पाहायला जाण्याचे टाळते. हे सांगायचीही लाज वाटते. माझी अडचण गुडघ्यात आहे की मनात?

उत्तर १: फिजिओथेरपिस्ट, पुणे

ताई, लाज वाटण्यासारखे यात काहीही नाही. तुमच्या प्रश्नातील दोन्ही गोष्टी एकाच मज्जासंस्थेच्या आहेत, हे आधी सांगतो.

दुखापतीच्या क्षणी मेंदू वेदनेचे संदेश काही काळ दाबून ठेवू शकतो, म्हणून तुम्ही चालू शकलात. अस्थिबंधात रक्तवाहिन्या असतात; तो तुटल्यावर सांध्यात रक्त साचत गेले आणि संध्याकाळी गुडघा ताठ झाला. सांधा असा भरला की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच आवरले जातात. त्यावर इच्छाशक्तीचा ताबा चालत नाही, आणि सूज उतरल्यानंतरही हा परिणाम कित्येक महिने रेंगाळू शकतो. त्यामुळे मांडी बाहेरून भरलेली दिसली, तरी धक्क्याच्या क्षणी ती पूर्ण जोर लावीलच असे नाही.

दुसरी गोष्ट बहुतेक खेळाडूंना कोणी सांगत नाही. एसीएल ही केवळ दोन हाडे बांधून ठेवणारी दोरी नसून गुडघा कोठे आहे, किती वळला आहे याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतूंचे अग्र तिच्यात असतात. मूळ बंध गेला की ती खबर तुटते, आणि तिच्या जागी बसवलेली कंडरा ती पूर्वीसारखी देत नाही. मग खेळाडू नकळत डोळ्यांवर अधिक विसंबतो. चढाईत डोळे बचावपटूंवर असतात, पायाकडे पाहायला सवड नसते, आणि नेमक्या त्याच क्षणी तुमचा पाय थबकतो.

बसवलेल्या कंडरेचेही स्वतःचे वेळापत्रक असते. सुरुवातीला तिच्यातील पेशी मरतात, काही आठवड्यांनी नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्या काळात ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमकुवत होते. ती पक्की घडायला वर्षभराहून अधिक काळ लागतो. नॉर्वेमधील, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, तितका पुन्हा दुखापत होण्याचा दर दरमहा सुमारे निम्म्याने घटला. तेव्हा निवड चाचणीच्या तारखेपेक्षा मोजमापाला महत्त्व द्या: दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजून घ्या, एका पायावरच्या उड्या मोजा, आणि दुखापत झालेला पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के झाल्याशिवाय पकडीच्या सरावात उतरू नका.

उत्तर २: माजी खेळाडू, मुंबई

वयाने मोठी असल्यामुळे एकेरीत लिहिते. माझ्या वेळी दुखापतीनंतर घरीच तेल चोळून बसायची पद्धत होती आणि भीती बोलून दाखवणारी खेळाडू डरपोक ठरायची. मी तीन वर्षे गुडघा बांधून खेळले, घोटा पकडला जाईल या भीतीने बोनसचा प्रयत्नच सोडून दिला आणि ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्याची खंत अजून आहे.

कुस्तीपटू विनेश फोगाटचा गुडघा २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या सुन यानानविरुद्धच्या लढतीत दुखावला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिल्याच फेरीत तीच प्रतिस्पर्धी समोर आली. विनेशने तिला हरवले आणि पुढे सुवर्णपदक जिंकले. या दोन लढतींमध्ये दोन वर्षांचे अंतर आहे, हे तुझ्या प्रशिक्षकांना अवश्य सांग.

संघापासून मात्र दूर राहू नकोस. सामन्याला जा, बाकावर बस, गुण लिहायचे काम माग. घरी जे चिडणे होते आहे, त्यात आपली जागा दुसरीला मिळाल्याचे दुःख बरेच असते, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

उत्तर ३: क्रीडा मानसशास्त्राची अभ्यासक, नाशिक

या शस्त्रक्रियेनंतरच्या मानसिक तयारीसाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. पुन्हा दुखापत होईल का ही चिंता, गुडघ्यावरचा भरवसा आणि खेळताना त्याचा विसर पडतो का, हे तीत विचारलेले असते. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार ८१ टक्के रुग्ण कोणत्या ना कोणत्या खेळात परतले, परंतु स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांचे प्रमाण ५५ टक्केच होते. गुडघा चांगला असूनही मागे राहणाऱ्यांत भीती हे एक मोठे कारण आढळते. प्रशिक्षकांना ‘मन घट्ट कर’ म्हणणे सोपे वाटते, परंतु धास्तावलेल्या खेळाडूचे स्नायू आखडतात आणि नजरेचा परीघ आकसतो, म्हणजे दुखापतीची शक्यता उलट वाढते.

भीती पायरी-पायरीने उतरवावी लागते. आधी बोनस रेषेवर एकटीने सावकाश वळा, मग वेगाने, मग कोपरारक्षक उभी आहे पण हात लावणार नाही अशा स्थितीत, त्यानंतर ती नुसता स्पर्श करील अशा स्थितीत, आणि सर्वांत शेवटी खरी पकड. प्रत्येक पायरीनंतर भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्या आणि तो लक्षणीय उतरल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. चिडचिड, झोप उडणे किंवा रडू येणे आणखी काही आठवडे टिकले, तर समुपदेशकाकडे जाण्यास संकोच करू नका.

प्रश्नकर्ती:

तिघांचेही मनापासून आभार. मांडीची ताकद आजवर कोणीच मोजली नव्हती. मंगळवारी मोजायला जाणार आहे. निवड चाचणीला या वेळी उतरणार नाही, असे प्रशिक्षकांना आज सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग रविवारच्या सामन्याची गुणपत्रिका माझ्या हाती दिली.