मुलं टॅबवर मिळून गोष्ट करतात, पण इंग्रजीत तोंड उघडत नाहीत. मदत हवी आहे

शिकवणीताई (बडोदा): शनिवार-रविवार घरी मुलांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. गूगल स्लाइड्सवर जोडीजोडीने चित्रगोष्ट करायला दिली. चित्रं शोधतात, रंग भरतात, एकमेकांच्या स्लाइडवर जाऊन बदल करतात, खोली नुसती गजबजलेली असते. पण सगळं गुजरातीत! 'ए, अडीश नहीं, आ मारी स्लाइड छे' (हात लावू नकोस, ही माझी स्लाइड आहे). शेवटी गोष्ट सांगायला उभं केलं की 'वन्स देअर वॉज अ लायन' म्हणून माझ्याकडे बघत राहतात. येत्या रविवारी पालक बघायला येणार आहेत. ॲपची यादी नको, मुलं बोलती कशी करू ते सांगा. जरा लवकर.

माळवी मावशी (इंदूर): मुलं किती? वय? टॅब किती? शाळेचं माध्यम? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

शिकवणीताई: सात ते नऊ वर्षं. गुजराती माध्यम, बहुतेकांच्या घरी मराठी. टॅब पाच.

माळवी मावशी: आणि मुलं?

शिकवणीताई: अकरा.

लष्करकर (ग्वाल्हेर): पॅडलेट वापरा, ती एक ऑनलाइन भिंत असते. मुलं आपला आवाज रेकॉर्ड करून भिंतीवर लावतात, दुसरी ऐकून उत्तर देतात. मी आधी मुलांचे छोटे व्हिडिओ घ्यायला फ्लिप वापरायचो, ते २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून बंद झालं. त्याच वर्षअखेरीस गूगलचा डिजिटल फळा, जॅमबोर्डही गेला. तेव्हा पॅडलेटच बरं.

निवृत्त गुरुजी (इंदूर): आधी क्रियापदांची रूपं पाठ करून घ्या. पाया नाही तर मुलं बोलणार काय?

लष्करकर: गुरुजी, आमच्या पिढीने रूपं पाठच केली होती. मुलाखतीत तोंडातून शब्द फुटत नव्हता.

निवृत्त गुरुजी: पण लिहायला चुकत नव्हता ना? माझे विद्यार्थी आजही अर्ज बिनचूक लिहितात.

रावपुरा (बडोदा): मुलांना मोकळं सोडा. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला, तेव्हा वस्तीतली मुलं आपली आपण शिकली.

माळवी मावशी: ती संगणक चालवायला शिकली. ते ताईंच्या मुलांनाही येतंय! पुढे मित्रा यांनीच ब्रिटनमधले स्वयंसेवक स्काइपवर मुलांशी गप्पा मारायला बसवले, त्यात बरेच निवृत्त शिक्षक होते. म्हणजे समोर बोलणारं माणूस लागलंच की.

रावपुरा: मान्य. पण एवढ्या लहानपणी इंग्रजीचा आग्रह कशाला? सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं, ते मुलांच्या भाषेतून.

शिकवणीताई: मला महाराजांबद्दल आदर आहे, मुलांच्या गुजरातीबद्दलही. पण ही मुलं पुढे कॉलेजात मागच्या बाकावर गप्प बसू नयेत, एवढ्यासाठी मी धडपडतेय. रविवारचं बोला.

सावध पालक: सात वर्षांच्या मुलांची गूगल खाती कशी उघडलीत? तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांनी फॅमिली लिंक या गूगलच्याच सोयीतून काढून द्यावी लागतात.

शिकवणीताई: सगळे टॅब माझ्याच खात्यावर आहेत.

बोलका वर्ग (इंदूर): ताई, तुमचं काम मुलं न बोलताही पूर्ण करू शकतात. दोघांना सगळं दिसतंय, बोट लावलं की झालं. मग इंग्रजी कशाला बोलतील? न बोलता पूर्णच होणार नाही असं काम द्या.

बाजाराचं एक चित्र घ्या, त्याची दुसरी प्रत करून पाच-सहा गोष्टी बदला. एकात हातगाडीवर केळी, दुसऱ्यात पेरू. एकात कुत्रा दुकानाच्या पायरीवर, दुसऱ्यात गाडीखाली. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतील, एकेकाकडे एकेक टॅब. फरक विचारून शोधायचे. फळ्यावर चारच वाक्यं: 'डू यू सी अ...?', 'व्हेअर इज इट?', 'माइन इज डिफरंट', 'से इट अगेन, प्लीज'. चौथं विसरू नका. मुलं अडली की गुजरातीवर येतात, तिथे हे वाक्य हाताशी हवं.

स्लाइड्सची गोष्ट टाकून देऊ नका. जोडीला एकच टॅब द्या. ज्याच्या हातात टॅब, त्याने गप्प राहून सांगेल तेच करायचं. जो सांगेल, त्याने हात लावायचा नाही. 'पुट द लायन अंडर द ट्री' म्हटल्याशिवाय सिंह हलणार नाही. पाच मिनिटांनी अदलाबदल. शेवटी गोष्ट टॅबच्या रेकॉर्डरवर बोलून घ्या आणि त्यांनाच ऐकवा. माझ्या वर्गात एक मुलगी स्वतःचा आवाज ऐकून लगेच म्हणाली, 'परत करते, मी फारच हळू बोलले.' मी काहीच सांगितलं नव्हतं.

निवृत्त गुरुजी: आणि 'लायन अंडर ट्री' असं बोलले तर?

बोलका वर्ग: सिंह हलवायचा, गुरुजी. खेळ थांबवून सुधारलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. चुका टिपून ठेवा, शेवटी दोन घ्या.

निवृत्त गुरुजी: दोन घेणार असाल तर माझी हरकत नाही.

लष्करकर: ते रेकॉर्डिंग पॅडलेटवर टाकलं तर पालकही ऐकतील.

शिकवणीताई: हे मला हवं होतं! पण टॅब पाच, पाठीला पाठवाल्या खेळात दोनच जोड्या बसतील. आणि पालकांना दाखवू काय?

बोलका वर्ग: त्या खेळाला टॅबच हवा असं नाही, चित्रं छापून द्या. पालकांपुढे पाठांतर नको. दुसरं चित्र आई किंवा बाबांच्या हातात द्या, मूल विचारेल. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांना 'येस', 'नो' आणि 'हिअर' एवढंच पुरतं, कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही.

माळवी मावशी: अकरा मुलं म्हणजे एक गट तिघांचा. तिसऱ्याकडे चित्र नको, त्याने दोघांना विचारून फरक स्वतः काढायचे. त्याला सगळ्यात जास्त बोलावं लागेल, तेव्हा जरा धीट मूल निवडा.

शिकवणीताई: आहे एक. आज रात्री चित्रं करते.