शब्दचर्चा : पिष्ट, पीठ आणि चीक

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) : दहावीच्या मुलांसाठी मी फळ्यावर लिहिले, ‘एएमवाय२ए हे मानवी जनुक स्वादुपिंडात पिष्टपाचक विकर तयार करते.’ एका मुलीने विचारले, “पिष्ट म्हणजे पीठ असेल, तर भाकर पचेल, पण न दळलेला भात आणि बटाटा कोण पचवते?” येथे ‘पिष्ट’ चुकीचे आहे का?

उत्तर : सर, मुलीची शंका रास्त आहे, कारण ‘पिष्’ म्हणजे दळणे, त्यापासून पिष्ट आणि पिष्टापासूनच आपले पीठ. शास्त्रात मात्र पिष्ट म्हणजे स्टार्च, ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. त्या ज्वारीत असोत वा बटाट्यात. या विकराच्या अमायलेज या नावामागील ‘अमायलॉन’ हा ग्रीक शब्द तर नेमके उलट सांगतो : जात्यावर न दळलेले. तेथे गहू भिजवून, चिरडून पांढरा साका काढत असत, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कुरोड्यांसाठी गव्हाचा जो चीक काढतात, तो हाच पदार्थ. या चिकावर आणि बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाका. दोन्हीकडे सारखाच निळा-काळा रंग दिसला की मुलीला तिचे उत्तर मिळेल. परिभाषेत मात्र ‘चीक’ नको, कारण रुईचा चीक वेगळा आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा वेगळा. ‘पिष्ट’च राहू द्या.

आणखी एक उत्तर : मला नामापेक्षा क्रियापद अधिक खटकते. विकर तयार करते ती पेशी. जनुकात, म्हणजे पहिल्या गुणसूत्रावरील डीएनएच्या एका तुकड्यात, अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने जोडायची याचा केवळ संकेत असतो. शिवाय आपले ‘स्वादुपिंडात’ वाचून जनुक फक्त तेथेच असते असे मुलांना वाटेल. ते यकृताच्या पेशीतही असते, पण तेथून हे विकर स्रवत नाही; लाळेतील अमायलेजचा संकेत तर त्याच्याच शेजारच्या एएमवाय१ जनुकांत आहे. म्हणून ‘तयार करते’ काढावे आणि ‘स्वादुपिंड’ हा शब्द विकराला जोडावा.

प्रश्नकर्ता : दोन्ही सूचना मान्य. उद्या फळ्यावर असे लिहीन : ‘स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या पिष्टपाचक विकराचा संकेत एएमवाय२ए या मानवी जनुकात असतो.’ चीक त्या मुलीच्याच घरून मागवतो.