नवे क्रेडिट कार्ड घेताना बँकेवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

मनीषनगरवासी (प्रश्न):
माझा पगार ज्या सरकारी बँकेत जमा होतो, तिथे माझे खाते अकरा वर्षांपासून आहे. गेल्या रविवारी सीताबर्डीच्या एका मॉलमध्ये दुसऱ्याच एका खासगी बँकेच्या टेबलावर एका तरुणाने मला थांबवले, टॅबवर माझा पॅन क्रमांक टाकला आणि पाच मिनिटांत दीड लाखाची मर्यादा मंजूर असल्याचे सांगून कार्ड ‘आयुष्यभर मोफत’ आहे असे दोनदा ऐकवले. ओटीपी मागितला तेव्हा मात्र मी विचार करून कळवतो म्हणून निघून आलो. आईचे म्हणणे असे की, ज्या बँकेत आपले खातेच नाही तिचे कार्ड घेऊच नये. आजोबांच्या ठेवी एका पतसंस्थेत अडकल्या होत्या, ते ती अजून विसरलेली नाही. बँक विश्वासार्ह आहे की नाही, हे कार्डापुरते कसे ठरवावे?

निवृत्त लेखनिक, धरमपेठ:
आईंची भीती रास्त आहे, परंतु ती ठेवीच्या बाबतीतली आहे. ठेव ठेवताना पैसा आपला असतो आणि तो परत मिळेल का, हा प्रश्न असतो. म्हणून तिथे पाच लाखांपर्यंतच्या विम्याला महत्त्व येते. कार्डावर पैसा बँकेचा असतो आणि आपण ऋणको असतो. तेव्हा बँक किती मोठी आहे यापेक्षा ती बिल कसे आकारते, चूक झाल्यावर दाद कशी देते आणि कार्ड नको झाले तर सुखाने बंद करू देते का, हे पाहावे.

टेबलावरच्या माणसाचे तोंडी आश्वासन मी शून्य धरतो. बँकेच्या संकेतस्थळावर कार्डाच्या ‘महत्त्वाच्या अटी व शर्ती’ असतात, त्यातले शुल्क आणि व्याज ही दोन पाने सावकाश वाचावीत. महिन्याला साडेतीन टक्के हा आकडा दिसायला लहान आहे, पण वर्षाला तो ४२ टक्के होतो आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आणि बहुतेकांचे गणित इथेच चुकते. संकेतस्थळ उघडताना पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो का, तेही पाहावे, रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना त्यासाठी ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली होती.

शिवाय एक काम करा. ‘हे कार्ड कोणत्याही अटीविना आयुष्यभर मोफत आहे का?’ एवढे एकच वाक्य बँकेच्या ग्राहक सेवेला ई-मेलने पाठवा. उत्तर काय येते याइतकेच ते किती दिवसांनी येते, हेही टिपून ठेवा.

इतवारीचा व्यापारी:
मी हे सोसले आहे, म्हणून लिहितो. बँकेचे नाव घेत नाही. कार्ड घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्याच्या बिलात ३४९ रुपयांची एक ओळ दिसली. चौकशी केली तेव्हा तो कार्ड संरक्षण विमा असल्याचे कळले, ज्याला मी म्हणे फोनवर होकार दिला होता. दोन महिने फोन करण्यात गेले. शेवटी मी लेखी कळवले की, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा विम्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, ती असल्यास दाखवावी. पैसे परत आले.

त्यानंतर कार्ड बंद करायला सांगितले, तर ‘आणखी चांगली ऑफर देतो’ असे सांगत ते टाळत राहिले. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, नाहीतर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, हे त्यांना लिहिल्यावर चौथ्या दिवशी कार्ड बंद झाले. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयाचे हेलपाटे घालायला नकोत, तक्रार ऑनलाइन नोंदवता येते.

वर्धा रोडवरून:
आपलीच बँक बरी, हा विचारही तपासून घ्यावा, असे मला वाटते. शाखेतले साहेब ओळखीचे असतात, पण कार्डाचा कारभार बहुधा शाखेच्या हाती नसतो. स्टेट बँकेचेच उदाहरण घ्या, तिचे कार्ड एसबीआय कार्ड ही वेगळी कंपनी देते. मोठ्या नावाचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला आणि एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेला संगणक यंत्रणेतील त्रुटींमुळे नवी क्रेडिट कार्डे देण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली होती. सुधारणा झाल्यावर दोन्ही निर्बंध उठले, त्यामुळे तो कायमचा डाग मानू नये. मात्र आकार म्हणजे हमी, असेही समजू नये.

आणि तुमचा पॅन त्या टॅबवर गेला आहे, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आपल्या कर्ज-कार्डांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्था वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल विनामूल्य देतात. तुमच्या नावावर नवी चौकशी किंवा नवे खाते नोंदले गेले आहे का, ते आधी पाहा.

मनीषनगरवासी:
सर्वांचे आभार. अहवालात त्या बँकेची एक चौकशी दिसते, खाते मात्र नाही. काकांनी सुचवलेल्या ई-मेलचे उत्तर पाचव्या दिवशी आले. पहिले वर्ष मोफत असून दुसऱ्या वर्षापासून ९९९ रुपये अधिक जीएसटी आहे, आणि वर्षाला एक लाख रुपये खर्च केल्यास शुल्क माफ होते. त्या तरुणाला फोन करून हे वाचून दाखवले, तर तो म्हणाला, “साहेब, एवढा खर्च तर सगळ्यांचाच होतो.” मी अर्ज केलेला नाही. तोच ई-मेल काल माझ्या पगाराच्या बँकेला पाठवला आहे. आज दुसरा दिवस.