गाडी धुतल्यावर पांढरे ठिपके राहतात, पुसायची कशी?

मनीषनगरवाला:
नमस्कार मंडळी, काळी गाडी आहे, दीड वर्ष झालं, आणि दर रविवारी तोच वैताग. बोअरचं पाणी, शाम्पू गाडीचाच, दोनदा पाणी मारतो, जुन्या टर्किश टॉवेलने पुसतो, तरी वाळल्यावर बोनेट अन् छतावर पांढरे गोल ठिपके आणि काचेवर पट्टे. धुतो साडेनऊ-दहाला कारण तेव्हाच वेळ मिळतो. आता काही ठिपके परत धुवूनही जात नाहीयेत, रंग गेला की काय अशी धास्ती बसली आहे. पुसायचं काय चुकतंय?

बेसा रोड:
भाऊ टॉवेलचं नंतर पाहू, आधी कूलरच्या ताट्या, म्हणजे बाजूचे गवताचे पॅड, पाहा. बोअरचं पाणी चालवलं का मे संपेस्तोवर ताट्यांवर पांढरी पापडी धरते ना, तेच तुमच्या बोनेटवर होऊन रायलं. पाणी उडून जाते, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार तिथंच बसते. म्हणून पाणी अंगावर वाळूच द्यायचं नाही. साडेनऊला पत्रा तापलेला असते, एक बाजू धुवेस्तोवर दुसरी वाळून जाते. सहाला उठा बाप्पा, गाडी सावलीत घ्या, आणि शेवटी पाइपचं नोझल काढून छतावरून नुसती हळू धार सोडा, फवारा नाही. पाणी एकसंध घसरत खाली येते, थेंब फार कमी राहतात. मी हे करायला लागलो तेव्हापासून पुसायला अर्धा वेळही लागत नाही.

ताई प्रतापनगर:
टर्किश टॉवेल मात्र बंदच करा दादा, काळ्या रंगावर त्याचे बारीक ओरखडे उन्हात दिसतात. जाड मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल घ्या, पसरून ठेवा आणि हळूच ओढा, रगडू नका. काचेला वेगळा, चौकटीच्या विणीचा. आणि टॉवेल धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसला की टॉवेल पाणी पीत नाही आणि तेच पट्टे काचेवर उठतात. आरसे, दाराच्या मुठी, नंबरप्लेट इथे पाणी लपून बसतं, दारं एकदा उघडून बंद करा, मग पुन्हा पुसा.

मनीषनगरवाला:
खूप आभार दोघांचे. आरओचं वाया जाणारं पाणी शेवटी मारलं तर चालेल का? रोज बादली भरते.

बेसा रोड:
नका मारू, त्यात क्षार उलट जास्त असते, आरओ तेच तर बाहेर फेकते. एसीचं पाणी चालते, ते हवेतल्या वाफेचं असते, क्षार जवळपास नाहीच. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी, पाणी निघतेच किती, पावसाळ्यात मात्र बादली भरते. नळाला पेंच धरणाचं पाणी येत असेल तर दोन बादल्या तेच शेवटच्या धारेला ठेवा.

ताई प्रतापनगर:
जुन्या ठिपक्यांना पांढरा व्हिनेगर आणि आरओचं प्यायचं पाणी, निम्मं-निम्मं. पत्रा गार असताना फडक्यावर घेऊन मिनिटभर ठेवा, पुसा, लगेच भरपूर पाणी. त्यानं वॅक्स उतरतं, नंतर परत लावा. बोट फिरवल्यावर खड्डा लागला तर क्षार रंगात उतरलाय, तिथे पॉलिशच करावं लागेल.

मनीषनगरवाला:
आज सव्वासहाला धुतली, पाइपची धार आणि नवा टॉवेल. छतावर एक ठिपका नाही. व्हिनेगरने बोनेटचे बहुतेक गेले, वायपरजवळचे चार-पाच मात्र बोटाला लागतात, ते पॉलिशवाल्याला दाखवतो.