स्टॅन्ली पार्कमध्ये जिओकॅशिंग: झाडांखाली फोन भरकटतो, कॅश सापडत नाही, काय चुकतंय?

बर्नाबीची_आई:
नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून व्हँकुव्हरला आलो, मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि सध्या सासू-सासरे पण आलेत सहा महिन्यांसाठी. मुलाला शाळेतल्या मित्राने जिओकॅशिंगचं वेड लावलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोणीतरी डबी (तिलाच कॅश म्हणतात) लपवून ठेवतं, तिचे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांशाचे आकडे) अ‍ॅपवर असतात, आपण शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तशी परत ठेवायची. दोन रविवार आम्ही पाचही जण स्टॅन्ली पार्कात फिरतोय. चारपैकी एकच सापडली, ती पण पार्कातल्या लॉस्ट लगून तळ्याच्या कडेला उघड्या रस्त्यावरची, आत झाडीतल्या तिन्ही नाहीच. फोन म्हणतो चार मीटर, मी तिथे जाऊन उभी राहते तर म्हणतो सतरा मीटर मागे! आणि आत नेचे इतके दाट वाढलेत, कमरेपर्यंत, की त्यात पाय टाकायला जीव होत नाही. मुलगा एका जुन्या खुंटाची साल उचकटायला लागला तेव्हा बाबा म्हणजे माझे सासरे त्याच्यावर ओरडलेच. तर फोनचं काही चुकतंय का आमचं? आणि जंगलाची नासधूस न करता शोधायचं कसं? मुलाला स्वतःची डबी पण लपवायचीये, आणि हा खेळ पहिल्यांदा कोणी काढला हे तो मला रोज विचारतो.

रानवाटा_बीसी:
ताई, तुमचं काही चुकत नाहीये, तिथली झाडंच तशी आहेत. सीडर, डग्लस फर, हेमलॉक सगळे उंच आणि दाट, सॅटेलाइटचा सिग्नल ओल्या पानांत अडकतो नाहीतर खोडांवर आपटून वाकड्या वाटेने येतो आणि फोनचा हिशोब चुकतो. उघड्यावर चार-पाच मीटरचा फरक असतो तो झाडीत पंधरा-वीस मीटर सहज होतो. आणि ज्याने डबी लपवली त्याने पण तिथेच उभं राहून आकडे घेतलेत ना, म्हणजे त्याची चूक अधिक तुमची चूक. कोऑर्डिनेटमध्ये मिनिटाचा शेवटचा, हजाराव्या भागाचा आकडा एकाने बदलला की उत्तर-दक्षिण १.८५ मीटर सरकतं, इथल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण १.२ मीटर. आकडा एवढा बारीक दिसतो म्हणून जागा पण तेवढी अचूक असेल असं धरू नका.

मी काय करतो सांगतो, वाटेवर जिथे वर आभाळ दिसतं तिथे दोन-तीन मिनिटं शांत उभा राहतो, आकडा स्थिरावला की दिशा आणि अंतर बघून ठेवतो, आणि शेवटच्या वीस मीटरला फोन खिशात. मग डोळे वापरायचे. लपवणारा पण वाटेवरूनच आला होता, तो नेचे तुडवत फार आत गेला नसणार. ढोली, मुळांमधली फट, आडवं पडलेलं खोड, आणि हो, एकसारख्या रचलेल्या काटक्या! लपवणाऱ्याने दिलेल्या हिंटची इंग्रजी अक्षरं तेरा घरं सरकवलेली असतात, अ‍ॅपमध्ये एका टॅपवर उलगडते. मुलाबरोबर सुरुवातीला डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) हे पाचपैकी आकडे असतात, दोन्ही दीड-दोनच्या आतलेच घ्या.

जुनं_व्हँकुव्हर:
आजोबा ओरडले ते फार बरं केलं. ते खुंट नुसतं कुजकं लाकूड नाहीये हो. पार्क १८८८ साली उघडलं, त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथले बरेचसे मोठमोठे वृक्ष तोडून झाले होते, आणि आपण ज्या वाटांनी चालतो त्यातल्या कित्येक म्हणजे बैल लावून ओंडके ओढायचे त्या जुन्या वाटा आहेत. मोठ्या खुंटावर छातीच्या उंचीला नाहीतर त्याच्याही वर खाच दिसेल, कधी दोन, डोळ्यांसारख्या. लाकूडतोडे त्या खाचेत फळी खुपसून तिच्यावर उभं राहून करवत चालवायचे, कारण बुडाशी खोड फारच रुंद असायचं. मुलाला ही खाच शोधायला सांगा, मला तर ती डबीपेक्षा मोठी सापडणूक वाटते. आणि त्याच खुंटाच्या डोक्यावर हेमलॉकचं नवीन झाड मुळं खाली सोडून उभं असतं, खुंटाचा ओलावा पिऊन वाढलेलं. साल उचकटली की ते मूळ उघडं पडतं.

माती तर उकरूच नका, पुरलेली कॅश खेळाच्या नियमातच बसत नाही. पार्कातल्या लंबरमन्स आर्च या कमानीजवळ ख्वायख्वाय नावाचं इथल्या मूळ लोकांचं गाव होतं, पार्कचा रस्ता करताना तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे शिंपल्यांचे थर खणून रस्त्यावर पसरले. एकदा झालं ते पुरे.

किट्सवाला:
मला वाटतं तुमच्या तीनपैकी एखादी तिथे नसेलच. हेमलॉक लूपर नावाच्या अळीने पार्कातली झाडं वाळवली, सुमारे १ लाख ६० हजार झाडांचं नुकसान झालं असा अंदाज होता, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, आणि २०२३ पासून मेलेली झाडं काढणं चालू झालं. झाडाबरोबर डबी पण जाते. आधी शेवटचे चार-पाच लॉग, म्हणजे शोधून गेलेल्यांच्या नोंदी, वाचत जा, ओळीने ‘सापडली नाही’ असेल तर मुलाला तिकडे नेऊन हिरमोड करू नका. आणि तुम्हाला नाही सापडली तर तसा लॉग टाका, लोक लाजून टाकत नाहीत आणि मालकाला कळतच नाही. काम चालू असेल तिथली वाट बंद असते, टेप ओलांडून जाऊ नका.

रानवाटा_बीसी:
लपवण्याबद्दल राहिलंच. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते, इथे म्हणजे पार्क बोर्ड. दुसऱ्या कॅशपासून १६१ मीटर लांब हवी, आणि नंतर देखभाल तुमची, पावसात कागद भिजला की जाऊन बदलायचा. म्हणून म्हणतो आधी पन्नासेक शोधा, चांगली डबी कशी असते ते मुलाला आपोआप कळेल. खाऊ कधीच ठेवायचा नाही. २०२०-२१ मध्ये इथल्या कायोटींनी (कोल्ह्या-लांडग्यासारखा प्राणी) चाळीसच्या वर लोकांना चावे घेतले होते, लोकांच्या खाण्याला सोकावले होते ते.

आणि मुलाला सांगा, २००० सालच्या मेच्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये, म्हणजे आपल्या खालच्या अंगालाच, जंगलात एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून सुरुवात.

बर्नाबीची_आई:
सगळ्यांना मनापासून थँक्यू! काल परत गेलो. फोन खिशात टाकला आणि बाबांना म्हटलं आता तुम्ही बघा. त्यांनी वाटेवर उभं राहूनच एका आडव्या खोडाकडे बोट केलं, म्हणाले झाडावरून पडलेल्या काटक्या अशा एका दिशेला नसतात, ही कोणीतरी मोळी रचल्यासारखी रचलीये. खाली डबी! मुलगा एवढ्या जोरात ओरडला की सायकलवाले थांबून बघायला लागले. दोन खाचांचा खुंट पण दिसला, वर हेमलॉक, बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते, त्यांचा हात पोचेल त्याच्याही वर खाच.

आता पुढचा प्रश्न. डबीत एक ट्रॅव्हल बग होता, म्हणजे एका कॅशमधून दुसरीत नेत फिरवायचा नंबरवाला बिल्ला, तो मुलाने अ‍ॅपवर नोंदवून घेतलाय, त्याच्या मालकाने लिहिलंय की याला जमेल तितक्या देशांत फिरवा. सासू-सासरे ऑक्टोबरात परत चाललेत. पुण्यात त्याला ठेवता येईल एवढ्या आकाराची, आणि बाबांना गुडघ्यांना त्रास न होता जाता येईल अशी कॅश कोणाला माहितीये का?