मदत हवी आहे: कोल्हापुरातला रविवार कसा बसवावा?

कोल्हापुरात नव्याने आलेल्या चौघांसाठी बेत आखतोय. सकाळी मिसळ, कट (तिखट रस्सा) वेगळा मागायचा, नाहीतर फरसाण लगेच मऊ पडतं. दुपारी मटण ताट, तेही साडेबाराच्या आत. पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा, परत परत उकळला की फुटतो. संध्याकाळी रंकाळा, मग गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध.

अडतंय इथे: मटणावर दूध जड जाईल, तर ते आदल्या रात्रीच उरकावं का? कुस्तीच्या तालमीत पहाटेचा सराव बघायला वस्तादांना आधी विचारावं लागतं, की थेट गेलं तरी चालतं? आणि एकाला तिखट अजिबात सोसत नाही. पांढरा दिसतो सौम्य, पण त्यातही मिरची असतेच. दह्याशिवाय त्याच्यासाठी काय मागवावं?